तुळईतला तडा कंपनांवरून कसा ओळखावा

तुळईला धक्का दिला की ती स्वतःच्या ठरलेल्या गतीने थरथरते. एका सेकंदात होणाऱ्या या कंपनांची संख्या म्हणजे तिची नैसर्गिक वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. ही वारंवारता मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: तुळईचा ताठरपणा, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, आणि तिचे वस्तुमान. तडा गेला तरी वस्तुमान जवळपास तेवढेच राहते. ताठरपणा मात्र त्या जागी कमी होतो आणि वारंवारता उतरते. वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने ताठरपणात १० टक्के घट झाली तर वारंवारतेत साधारण ५ टक्के घट दिसते. तडा शोधण्याची पद्धत या नात्यावर उभी आहे आणि तिच्या बहुतेक अडचणीही त्यातूनच निघतात.

मडके विकत घेताना टिचकी मारून पाहतात, तो प्रकार याच कुळातला वाटतो, पण कान तिथे ऐकतो ते वेगळेच असते. तडकलेले मडके बद्द वाजते ते मुख्यतः तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपन लवकर विरते म्हणून. या विरण्याला अवमंदन म्हणतात. रेल्वेच्या चाकावर हातोडी मारून पाहणारा कर्मचारीही बराचसा अवमंदनच ऐकत असतो. अवमंदन मोजायला चंचल आहे. तीच तुळई, तोच आघात, तरी दर वेळी आकडा बराच वेगळा येतो. वारंवारता मात्र नीट मोजली तर पुन्हा पुन्हा तीच मिळते. म्हणून अभियंते तिच्यावर भिस्त ठेवतात.

हिंगोली जिल्ह्यात हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याचे प्रकार अनेक वर्षांपासून चालू आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ रिश्टरचे दोन धक्के बसले, आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ रिश्टरचा धक्का बसला; त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ सांगितला गेला. एवढ्या तीव्रतेचा धक्का नीट बांधलेली आरसीसी इमारत सहसा पाडत नाही. तो मागे प्रश्न ठेवून जातो: शाळेच्या तुळईखाली दिसणारी भेग गिलाव्यातली की आतली, जुनी की कालची? धक्क्यानंतर वारंवारता मोजून याचे उत्तर मिळू शकते, पण धक्क्याआधीचा आकडा हाताशी असेल तरच. एकटा आकडा तुळईची प्रकृती सांगत नाही. तो फक्त बदल दाखवतो. त्यामुळे या पद्धतीतले खरे काम सगळे ठीक असतानाच करून ठेवावे लागते.

अपेक्षित आकड्यांचा अंदाज

मोजणीपूर्वी गणिताने अंदाज काढावा, नाहीतर पडद्यावरच्या अनेक शिखरांतले कोणते तुळईचे हे कळत नाही. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या, सारख्या छेदाच्या तुळईची पहिली वारंवारता गाळ्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट झाली की वारंवारता चौथाई होते. ६ मीटर गाळा, २३० बाय ४५० मिलिमीटर छेद आणि एम-२० प्रतीचे काँक्रीट घेतले, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातील सूत्राने स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २२,४०० मेगापास्कल येतो आणि भेगा नसलेल्या सुट्या तुळईची पहिली वारंवारता १७ हर्ट्झच्या आसपास निघते. प्रत्यक्ष इमारतीत तुळई सुटी नसते. ती स्लॅब आणि खांबांशी एकसंध ओतलेली असते, वर फरशी आणि भिंतींचे वजन असते, आणि मोजला जातो तो आकडा सगळ्या मजल्याचा असतो. म्हणून ही पद्धत सर्वांत चांगली चालते ती सुट्या गाळ्यांवर: पुलाचे टेकलेले गर्डर, पादचारी पूल, कारखान्यातील क्रेनचे गर्डर. वर्गखोलीच्या तुळईवर ती लागू पडते, पण तिथे निष्कर्ष सैल ठेवावा लागतो.

शिकण्यासाठी लोखंडी पट्टी बरी. १ मीटर गाळ्याची, १० मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर रुंद पट्टी दोन धारांवर टेकवली की पहिली वारंवारता सुमारे २२.९ हर्ट्झ, दुसरी तिच्या चौपट म्हणजे ९१.६ आणि तिसरी नऊपट, २०६ हर्ट्झ. या तीन वारंवारता म्हणजे पट्टीच्या कंपनाचे तीन मोड. पहिल्यात मधला भाग वरखाली होतो. दुसऱ्यात पट्टीचे दोन अर्धे उलटसुलट हलतात आणि मध्यबिंदू स्थिर राहतो. तिसऱ्यात तीन लाटा उमटतात.

आता याच पट्टीला मध्यभागी खालून तडा आहे असे मानून भंगयांत्रिकीच्या सूत्रांनी हिशेब केला, तर १ मिलिमीटर खोल तडा पहिली वारंवारता सुमारे ०.१ टक्क्याने उतरवतो, ३ मिलिमीटर खोल तडा सुमारे ०.९ टक्क्याने आणि निम्म्या जाडीपर्यंत गेलेला ५ मिलिमीटरचा तडा सुमारे ३ टक्क्यांनी. म्हणजे पट्टी अर्धी तुटली तरी २२.९ चे फार तर २२.२ होतात. उथळ तडा या मार्गाने सापडत नाही, हे सुरुवातीलाच पत्करलेले बरे. पट्टी लांबीच्या मानाने जाड असेल तर घट त्याच प्रमाणात वाढते.

तडा कुठे आहे

तड्याची खोली आणि जागा या दोन अज्ञात गोष्टी असतात, त्यामुळे एका वारंवारतेवरून दोन्ही कळणे शक्य नसते. उपाय सोपा आहे. प्रत्येक मोडमध्ये तुळई वेगवेगळ्या जागी जास्त वाकते. जिथे वाक जास्त, तिथला तडा त्या मोडला जास्त खाली खेचतो. जिथे वाकच नाही, तिथला तडा त्या मोडला जाणवतही नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील पीटर कॉली आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी १९७९ मध्ये याचा नेमका उपयोग दाखवला: दोन मोडमधील घटींचे गुणोत्तर तड्याच्या खोलीवर अवलंबून नसते, केवळ जागेवर असते.

टेकलेल्या तुळईसाठी हे गुणोत्तर हाताने काढता येते. तडा मधोमध असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या वारंवारतेत सारखीच टक्केवारी घटते आणि दुसरी जागची हलत नाही. टोकापासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर पहिली आणि दुसरी सारखी घटतात, तिसरी तशीच राहते. एक चतुर्थांश अंतरावर पहिली, दुसरी आणि तिसरी यांच्या घटी १:२:१ या प्रमाणात येतात, आणि एक षष्ठांश अंतरावर १:३:४. वरच्या पट्टीत पहिली वारंवारता २२.९ वरून २२.७२ झाली आणि दुसरी ९१.६ वरून ९०.१, तर घटी अनुक्रमे ०.८ आणि १.६ टक्के, म्हणजे तडा पाव गाळ्यावर असावा. तिसरीनेही ०.८ टक्के घट दाखवली तर हा अंदाज पक्का होतो. ती मेळ खात नसेल तर तडे एकाहून जास्त आहेत किंवा मोजणीत खोट आहे.

या हिशेबाला दोन अंध जागा आहेत. तुळई दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने डावीकडचा पाव गाळा आणि उजवीकडचा पाव गाळा यांत फरक करता येत नाही. दोन्ही जागा पाहाव्या लागतात. दुसरी अंध जागा अधिक गंभीर आहे. टेकलेल्या तुळईच्या आधाराजवळ कोणत्याच मोडमध्ये फारसा वाक नसतो, त्यामुळे तिथला तडा सगळ्याच वारंवारतांना जवळपास अदृश्य राहतो. आणि कातरबलाने येणारे तिरके, अचानक दगा देणारे तडे नेमके तिथेच पडतात. आधारापासून तुळईच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतचा भाग डोळ्यांनी, टॉर्च आणि भिंगाने पाहावा. तिथे वारंवारतेवर विसंबू नये.

मोजणी

संवेदक मध्यावर चिकटवण्याचा मोह होतो, पण मध्यबिंदू दुसऱ्या मोडमध्ये हलतच नाही. पाव गाळ्यावर पहिले तिन्ही मोड दिसतात, म्हणून संवेदक तिथे ठेवावा. आघातही मध्यावर न देता थोडा बाजूला द्यावा.

मोबाइलमधला त्वरणमापक पुलासारख्या जड रचनेसाठी सुरुवातीला पुरतो. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत ॲप त्याच्या नोंदी साठवून वारंवारतेचा आलेखही काढून देते. बरेच फोन सेकंदाला १०० ते ४०० नोंदी घेतात, आणि नोंदींच्या वेगाच्या निम्म्याहून वरची वारंवारता त्यांना विश्वासाने दिसत नाही. १०० नोंदी घेणाऱ्या फोनची मर्यादा ५० हर्ट्झ. वरच्या लोखंडी पट्टीवर मात्र फोन ठेवू नये. पट्टीचे वजन सुमारे ३.९ किलो, मध्यावर २०० ग्रॅमचा फोन ठेवला तर त्याच्या भारानेच पहिली वारंवारता जवळपास ५ टक्के उतरते, म्हणजे अर्ध्या जाडीच्या तड्यापेक्षाही जास्त. अशा हलक्या नमुन्यासाठी काही ग्रॅमचा संवेदक लागतो.

बहुतेक चुका नोंदीच्या लांबीत होतात. नोंद जितके सेकंद चालते त्याचा व्यस्तांक म्हणजे वारंवारतेच्या आलेखातील पायरी. काँक्रीटच्या तुळईत अवमंदन २ टक्क्यांच्या आसपास धरले तर १७ हर्ट्झचे कंपन हातोडीच्या आघातानंतर दोनेक सेकंदांत विरून जाते. दोन सेकंदांच्या नोंदीची पायरी अर्धा हर्ट्झ, म्हणजे १७ च्या सुमारे ३ टक्के. तेवढ्या मोठ्या पायरीने एक टक्क्याचा फरक मोजता येणार नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, आलेखातले शिखर न वाचता विरत जाणाऱ्या लहरीवर थेट गणिती वक्र बसवणे आणि असे अनेक आघात घेऊन सरासरी काढणे. दुसरा, वारा आणि रहदारीने होणारी कंपने १०-१५ मिनिटे सलग नोंदवणे.

दुसरा उपाय शहरातल्या पुलावर छान चालतो. हिंगोलीच्या आडरस्त्यांवर ऊर्जाच अपुरी पडू शकते. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी करायचे ठरले, त्यामागे तिथल्या जमिनीची एरवीची शांतता हे मोठे कारण होते. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. वेधशाळेला जे वरदान, ते पुलाची कंपने टिपणाऱ्याला गैरसोयीचे. अशा ठिकाणी भरलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक पुलावरून नेऊन तो उतरल्यानंतरची काही सेकंदांची मोकळी कंपने घ्यावीत. वाहन पुलावर असतानाची नोंद वापरू नये. त्याचे वजन वस्तुमानात मिसळते आणि वारंवारता खोटीच उतरलेली दिसते.

ऊन, पाऊस आणि काळी माती

तापमान हा या पद्धतीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. लोखंडाचा स्थितिस्थापकता गुणांक १० अंश सेल्सिअस वाढीला साधारण ०.३ टक्के घटतो, म्हणजे वारंवारता ०.१५ टक्के उतरते. वरच्या पट्टीतल्या १ मिलिमीटर तड्याचा परिणाम याहून कमी होता. पुलांवर हा परिणाम आणखी मोठा दिसतो, कारण डांबर मऊ होते, बेअरिंग अडकतात किंवा सुटतात, आणि वरची बाजू तापून खालची थंड राहिल्याने गर्डर स्वतःच वाकतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अलामोसा कॅनियन पुलावर एकाच दिवसात पहिली वारंवारता सुमारे ५ टक्क्यांनी बदललेली आढळली, आणि पुलाला काहीही झालेले नव्हते. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा काँक्रीटचा पूल १९९८ मध्ये पाडण्यापूर्वी अनेक महिने निरीक्षणाखाली होता. तिथे थंडीत डांबर गोठल्यासारखे ताठ होऊन वारंवारता वर चढत असे. मराठवाड्यात डांबर गोठत नाही, मात्र मे महिन्यातल्या दुपारी ते लोण्यासारखे होते, तेव्हा दिशा उलटी असली तरी गोंधळ तोच.

म्हणून मोजणी दर वेळी सूर्योदयापूर्वी करावी, तुळईचे स्वतःचे तापमान लिहून ठेवावे, आणि मूळ आकडा एका दिवसाचा न घेता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंतला घ्यावा. तापमान आडव्या अक्षावर आणि वारंवारता उभ्या अक्षावर मांडली की बिंदू एका रेषेभोवती विखुरतात. त्या विखुरण्याच्या बाहेर खाली पडलेला बिंदूच संशयास्पद. ओलावाही विसरू नये. पावसाळ्यात काँक्रीट पाणी शोषून जड होते आणि सागवानी तुळईचा ताठरपणा ओलाव्याने घटतो. माळवदाच्या घरात तर भिजलेल्या मातीच्या वजनानेच आकडा खाली येतो.

जिल्ह्यातली काळी माती वेगळीच अडचण उभी करते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. पाया हलला की आधाराची पकड बदलते आणि तुळई धडधाकट असतानाही वारंवारता सरकते. कयाधूसारख्या नदीच्या पुरात पुलाच्या खांबाभोवतीची माती वाहून गेली तरी तसेच होते. घट दिसली की आधी आधार तपासावेत, मग तुळई.

मोठ्या पुलाचा धडा

न्यू मेक्सिकोतच रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० हा महामार्गाचा जुना पूल पाडायचा होता, तेव्हा १९९३ मध्ये संशोधकांनी त्याचा एक मुख्य पोलादी गर्डर मध्यावर गॅस कटरने चार टप्प्यांत मुद्दाम कापला. पहिली वारंवारता सुरुवातीला २.४८ हर्ट्झ होती. पहिल्या दोन कापांनंतर ती २.५२ झाली, म्हणजे उलट किंचित वाढली, तिसऱ्यानंतर २.४६, आणि गर्डरची खालची आडवी पट्टी, म्हणजे फ्लँज, पूर्ण कापली गेल्यावर २.३० वर आली. फ्लँज पूर्ण तुटेपर्यंतची हालचाल हवामानाच्या चढउताराएवढीच होती. पुलाला दुसरा गर्डर आणि डेक होते, भार त्यांनी वाटून घेतला. भार वाटून घेणारे सोबती जितके जास्त, तितका एका अवयवातला तडा एकूण वारंवारतेत बुडून जातो. सुट्या, एकाकी तुळईला ही पद्धत का मानवते, ते यावरून कळते.

आरसीसीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. आरसीसी तुळईत बारीक भेगा असणे हा दोष नव्हे. आयएस ४५६ सर्वसाधारण परिस्थितीत पृष्ठभागावर ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग मान्य करते, कारण ताण घ्यायचे काम सळईचे असते. नव्या तुळईवर पहिल्यांदा पूर्ण भार आला की भेगा पडून ताठरपणा एकदम उतरतो. मूळ आकडा त्यानंतरचा हवा. शटरिंग काढल्या दिवशीचा आकडा पुढे खोटा गजर करील. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमध्ये उलट घडते. तिथे ताणलेल्या तारा भेग मिटवून धरतात, आणि मिटलेली भेग वारंवारतेला दिसत नाही. तारा गंजत असल्या तरी आकडा बराच काळ शांत राहू शकतो. अशा गर्डरवर स्थिर वारंवारता म्हणजे निर्धोकपणाचा दाखला असे मानू नये.

कंपनाबरोबर उघडमीट करणारा तडाही फसवा असतो. अर्ध्या आवर्तनात तो मिटलेला असल्याने घट उघड्या तड्याच्या साधारण निम्मीच दिसते. त्याची खूण आलेखात अन्यत्र मिळते: पहिल्या वारंवारतेच्या बरोबर दुप्पट जागी, आधी नसलेले छोटे शिखर उगवते. टेकलेल्या तुळईचा दुसरा मोड चौपटीवर असल्याने दुपटीवरच्या शिखराची त्याच्याशी गल्लत होत नाही.

संशय आल्यानंतर

भूकंपानंतर, पुरानंतर किंवा जड वाहन आदळल्यानंतर मूळ आकड्यांशी तुलना करावी. हवामानाचा हिशेब वजा करूनही दोन-तीन टक्क्यांची घट एकाच दिशेने आणि वेगवेगळ्या दिवशी टिकून राहिली, तर गुणोत्तरावरून निघालेल्या जागी गिलावा काढून तुळई उघडी करावी. तिथे स्वनातीत स्पंदवेग चाचणी आणि रिबाउंड हॅमर लावावा. या चाचण्यांची रीत आयएस ५१६ च्या पाचव्या भागात दिली आहे. सळईपर्यंत पोचलेली, गंजाचे डाग दाखवणारी किंवा आठवडाभरात रुंदावणारी भेग असेल तर आधी टेकू लावावेत आणि वापर थांबवावा, मोजणी त्यानंतर.

तरीही संशय उरला तर शेवटची कसोटी भारचाचणीची, आणि ती परवानाधारक संरचना अभियंत्याच्या देखरेखीखालीच घ्यावी. आयएस ४५६ नुसार पूर्ण स्थिर भार आणि वापरभाराच्या १.२५ पट भार २४ तास ठेवतात आणि मग वाढीव भार काढतात. त्या भाराने आलेल्या वाकाचा किमान ७५ टक्के भाग पुढच्या २४ तासांत परत यावा लागतो. तो आला नाही तर ७२ तासांनंतर चाचणी पुन्हा घेतात, आणि दुसऱ्या वेळीही ८० टक्क्यांपेक्षा कमी वाक परतला तर तो भाग वापरास अयोग्य ठरतो. या चाचणीच्या आधी आणि नंतर वारंवारताही नोंदवून ठेवावी, कारण तुळई पास झाली तर चाचणीनंतरचा आकडा हाच तिचा नवा मूळ आकडा असतो.